केसांना काय हवे, ते केसांनाच विचारू या

(श्रावणातील मंगळागौरीच्या कार्यक्रमात आपल्या महिला मंडळातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंगळागौर म्हटली की नऊवारी, नथ आणि खोपा आलाच. आज सभागृहात इतके सुंदर खोपे दिसत आहेत की कोणाचा खरा आणि कोणाच्या खोप्यात गंगावन, हे आम्ही विचारणार नाही. विषय मात्र केसांचाच घेतला आहे. आणि तो घेण्यामागे एक कारण आहे. आम्हाला एक चूक कबूल करायची आहे.

तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी गौरीच्या आधी आम्ही महिला मंडळाने घरगुती शिकेकाईची पूड केली होती. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, मेथी, संत्र्याची साल असे सगळे गच्चीवर वाळवले, गिरणीतून दळून आणले. रिठ्याच्या धुरळ्याने गिरणीवाले काका दोन दिवस शिंकत होते. पुड्या बांधल्या आणि मंचेरियलमधल्या आपल्या घराघरांत पोचवल्या. प्रत्येक पुडीवर आम्ही मोठ्या हौसेने दोन वाक्ये लिहिली होती. पहिले वाक्य, "सर्व प्रकारच्या केसांसाठी." दुसरे वाक्य, "केस गळणे थांबते."

आज वर्षभरानंतर ही दोन्ही वाक्ये आम्ही सर्वांसमोर मागे घेत आहोत. ती का मागे घेतो, तेच आजचे भाषण.

आधी पहिले वाक्य. पूड वाटल्यावर महिनाभरात निरोप येऊ लागले. एकीने सांगितले, केस इतके मोकळे आणि हलके कधीच झाले नव्हते, अजून पुड्या द्या. दुसरीने सांगितले, केसांचा झाडू झाला. एका आजींनी नातीचे कुरळे केस आमच्या पुडीने धुतले, तर पुढचे दोन दिवस त्या पोरीच्या डोक्यातून वाळूसारखा भुगा पडत होता. पूड एकच, माप एकच, गाव एकच. मग फरक कशाचा? फरक डोक्याचा आणि पाण्याचा होता. ते दोन्ही न विचारताच आम्ही पुडी बांधली होती.

आपल्या आज्या हे जाणत होत्या. न्हाण्याच्या दिवशी चुलीवर शिकेकाईचे पाणी उकळायचे, पण सगळ्यांच्या डोक्यावर एकसारखे पडायचे नाही. ज्याचे डोके तेलकट त्याच्या तांब्यात रिठा जास्त, जिचे केस कोरडे तिला आधी कोमट तेल आणि नंतर भाताची पेज. आपल्या तेलुगू शेजारणींच्या घरीही हेच. रिठ्याला त्या कुंकुडुकाय म्हणतात आणि सणाच्या आधीच्या तलस्नानाला तो हवाच. बतुकम्माच्या दिवसांत त्यांच्या अंगणात गेलात तर फुलांच्या आधी कुंकुडुकायांचा वास येतो.

गंमत अशी की ज्या शॅम्पूला आपण विलायती समजतो, त्याचे नावही आपल्याच देशातले. चांपणे, म्हणजे दाबणे, चेपणे, यावरून तो शब्द आला. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले आणि ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचे स्नान आणि मालिश यांचे स्नानगृह काढले. ते इतके गाजले की राजा चौथा जॉर्ज याने त्यांना आपल्याकडे नेमले. तेव्हा शॅम्पू म्हणजे मालिश होते, बाटली नव्हती. बाटलीतला आजच्यासारखा शॅम्पू १९३० च्या दशकात अमेरिकेत आला.

आता रिठा आणि शिकेकाई काम कसे करतात ते थोडक्यात. दोन्हींत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात फेस करते आणि तेलाला सोडवून पाण्याबरोबर वाहून नेते. रिठ्यात ते तीव्र, शिकेकाईत सौम्य. दोन्हींचे पाणी किंचित आंबट गुणाचे असते. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५.५, म्हणजे तोही किंचित आंबटच. अंगाच्या साबणाचा मात्र ९ ते १० च्या घरात जातो. साबणाने केसांवरचे खवले उघडतात, केस एकमेकांत अडकतात. म्हणून डोक्याला साबण लावू नये असे जुन्या बायका सांगत, ते बरोबरच होते. एक मात्र लक्षात ठेवा. वेष्टनावर शिकेकाईचे चित्र असलेली वडी हा शेवटी साबणच असतो. चित्र शिकेकाईचे म्हणून गुण शिकेकाईचा होत नाही.

यानंतर पाणी. आपल्याकडे कोणाला नळाचे, कोणाला बोरचे, तर कोणाला दोन्ही मिसळून पाणी येते. बोरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते पाणी जड होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे म्हटले आहे. तपासणीला प्रयोगशाळेत जायला हवे असे नाही. एका बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात अंगाच्या साबणाचा कीस चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला तर पाणी हलके. फेस न येता दह्यासारखा चोथा तरंगला तर पाणी जड. हाच चोथा केसांवर बसतो आणि आपण म्हणतो, "शॅम्पू बदलला तरी केस चिकटच."

पाणी जड असेल तर पहिला उपाय शॅम्पू बदलणे नव्हे, शेवटचा तांब्या बदलणे. सगळे न्हाणे बोरच्या पाण्याने करा, पण शेवटचे दोन तांबे हलक्या पाण्याचे ठेवा. पाणी उकळून, निववून, वरचे निवळ घेतले तरी काही क्षार खाली बसतात. पावसाळ्यात पागोळीचे पाणी धरता येते. मात्र आपला भाग कोळशाचा आहे, पत्र्यावर धूळ असते, म्हणून पहिल्या सरी वाहून जाऊ द्या. आणखी एक उपाय म्हणजे एक लिटर पाण्यात एक चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते केसांवरून शेवटी ओतायचे आणि साध्या पाण्याने धुवायचे. महिन्यातून दोनदा पुरे. नुसते लिंबू डोक्यावर चोळायचे नाही, ते फार आंबट असते आणि त्वचा भाजल्यासारखी होते.

पाणी समजले की मग केस. इथे एक सोपी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. धुण्याचे द्रव्य निवडायचे ते डोक्याच्या त्वचेकडे पाहून, आणि मऊ करणारे द्रव्य निवडायचे ते केसांच्या टोकांकडे पाहून. कारण तेल सुटते मुळाशी आणि कोरडेपणा येतो टोकाला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंत केस असतील तर टोकाचा केस पाच-सहा वर्षांचा जुना असतो. इतक्या वर्षांचे ऊन, फणी आणि धुणे त्याने सोसलेले असते. मुळाला जे मानवते ते त्याला कसे मानवेल?

त्वचेची परीक्षा अशी. न्हाल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ कागद भांगावर दाबा. डाग उमटला तर डोके तेलकट, काहीच उमटले नाही आणि खाज असेल तर कोरडे. टोकाची परीक्षा बोटांनी होते. केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटे न्या. खरखर लागली की टोके कोरडी. आणि वळण पाहायचे असेल तर न्हाल्यावर फणी न लावता केस वाळू द्या. ते आपोआप जसे बसतील तोच त्यांचा स्वभाव. पाण्याच्या पेल्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहण्याची एक चाचणी सांगतात. ती आम्हीही केली. एकाच डोक्यावरचे दोन केस घेतले तर एक बुडाला आणि एक तरंगला. तिच्यावर विसंबू नका.

आता कोणाला काय ते सांगतो.

डोके तेलकट असेल, किंवा रात्री भरपूर तेल घातले असेल, तर रिठा. लांब केसांना आठ-दहा रिठे फोडून आतली काळी बी काढून टाका. टरफले दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटे उकळा, निवल्यावर कुस्करून फडक्यातून गाळा. हे पाणी फक्त मुळांना लावा, टोकांवरून ते आपोआप वाहते. डोळे घट्ट मिटा, रिठा डोळ्यांत गेला तर आग होते. गेलाच तर चोळू नका, भरपूर साध्या पाण्याने धुवा. काढा दोन दिवसांत आंबतो, म्हणून थोडाच करा. मुलतानी मातीही तेलकट डोक्याला चालते, पण पंधरा दिवसांतून एकदा आणि ओली असतानाच धुऊन टाका.

डोके साधारण किंवा कोरडे असेल तर शिकेकाई. पाच-सहा शेंगा, तसेच रात्रभर भिजवून, उकळून, गाळून. फेस कमी येतो म्हणून पुन्हा पुन्हा ओतू नका. फेस हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे.

केस कुरळे असतील तर पूड नकोच. काढाच घ्या आणि दोनदा गाळा. त्या नातीच्या डोक्यात वाळू घातल्याचे पाप आमचे आहे. कुरळ्या केसांत मुळाचे तेल टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा धुणे पुरे, आणि गुंता केस ओले व मऊ असतानाच, रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून वर जात सोडवायचा.

आता मऊ करणारी द्रव्ये. मेथी, जास्वंद, जवस आणि कोरफड या चौघांचे काम एकच. त्यांच्यात बुळबुळीत चीक असतो, तो केसावर पातळ थर धरतो आणि केस एकमेकांवरून घसरतात. टोके फार कोरडी असतील तर जवस. विदर्भातल्या आपल्या घरांत जवसाची चटणी असतेच. दोन चमचे जवस दीड पेला पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखे दाट झाले की गरम असतानाच गाळा, निवल्यावर गाळले जात नाही. केस बारीक आणि विरळ असतील तर जवस जड होतो, त्यांनी जास्वंदीची पाने पाण्यात चुरून निघणारा हलका चीक घ्यावा. मेथी रात्रभर भिजवून बारीक वाटा आणि गाळूनच लावा, नाहीतर कण अडकतात. कोरफडीचे पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक निथळून जाऊ द्या, त्याने खाज सुटते. भाताची पेज किंवा तांदळाचे धुवण पातळ करून दहा मिनिटे ठेवावे, जास्त झाले की केस कडक होतात. यातले काहीही लावले तरी कानाच्या खाली लावा, भांगात नको.

तेलाचे म्हणाल तर २००३ साली मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल या तिघांची त्यांनी तुलना केली. धुताना केसांतली प्रथिने कमी होतात, ती झीज फक्त खोबरेलाने घटली. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे ध्यानात ठेवावे. पण न्हाण्याआधी तेल लावण्याची आपली रीत त्यातून खरी ठरते. न्हाण्याआधी, आणि टोकांना. कोंडा असलेल्या डोक्यावर तेल मुरवून ठेवले तर कोंडा वाढू शकतो.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. बाजारातला शॅम्पू वापरणे हा काही गुन्हा नाही. जड पाण्यात तो साबणापेक्षा नक्कीच बरा. पाळीवर कामाला जाणाऱ्या, पहाटे डबे करणाऱ्या बाईला रिठे कुस्करायला वेळ नसतो. सौम्य शॅम्पू पाण्यात कालवून मुळांना लावा, टोकांना घरचा जवस लावा, इतकेही पुरते. उलट, नैसर्गिक म्हणून काहीही डोक्यावर घालू नका. खाण्याचा सोडा नको, तो साबणाच्या वाटेनेच जातो. पटकन काळा रंग देणारी "काळी मेहंदी" नीट पाहून घ्या. मेंदीचा पाला स्वतः तांबूस रंग देतो. काळा रंग बहुधा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो आणि त्याने काहींचा चेहरा सुजतो, फोड येतात. कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे लावून दोन दिवस पाहा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, महिनाभर तरी. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, कळणार कसे?

आता दुसरे वाक्य. "केस गळणे थांबते."

आमच्यातल्याच एका वहिनींनी ते वाक्य वाचून पुडी नेली. त्यांचे केस फार गळत होते. त्यांनी आम्हाला विचारलेही होते आणि आम्ही ठामपणे म्हणालो, "तीन-चार महिने नेमाने लावा, फरक पडेल." त्यांनी नेमाने लावले. केस गळतच राहिले. घरात टोमणे सुरू झाले, तेल लावत नाही, केस मोकळे सोडते, म्हणून हे होते. दिवाळीच्या फराळाला आल्या तेव्हा त्यांना दोन जिने चढताना दम लागला. तेव्हा कुठे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.५ निघाले. बाईला १२ तरी हवे. दर महिन्याचा रक्तस्राव प्रमाणाबाहेर होता आणि ते त्या कोणाला सांगत नव्हत्या. केस हे शरीराने वाजवलेली घंटा होती. आम्ही त्या घंटेला शिकेकाई लावत बसलो. आज त्या उपचारांनंतर बऱ्या आहेत, समोर बसल्या आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच हे सांगत आहोत. पण ते महिने आमच्यामुळे गेले, हे आम्ही विसरणार नाही.

त्यानंतर जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातली बातमी आली. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. आपल्यातले कितीतरी जण गजानन महाराजांच्या दर्शनाला शेगावला जातात, काहींचे सोयरे तिकडे आहेत. फोनाफोनी झाली. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शॅम्पूला. केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरच्या कामामुळे प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनीही तपासण्या केल्या आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले. म्हणजे लोक पाहत होते डोक्यावर, आणि डॉक्टर दाखवत होते ताटाकडे.

सख्यांनो, दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे नेहमीचे आहे. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, किंवा मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळतात आणि बहुधा पुन्हा येतात. तेव्हा त्या बाईला धीर द्या, दहा तेले सुचवू नका. पण केस एकाएकी झुपक्याने जात असतील, गोल चट्टे पडत असतील, डोक्यात जखमा होत असतील, बरोबर थकवा, वजनात बदल किंवा पाळीचा त्रास असेल, तर शिकेकाईची पुडी बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे या सभागृहात आपल्या शेजारी बसलेल्या सखीलाही तो असू शकतो. खोपा सुंदर दिसतो म्हणून ती बरी आहे असे समजू नका.

यंदा गौरीला आम्ही एक पूड करणार नाही. रिठ्याची टरफले, शिकेकाईच्या शेंगा आणि जवस असे तीन डबे वेगवेगळे ठेवणार आहोत. ज्याला जे हवे ते त्याने आपल्या डोक्याप्रमाणे न्यावे. प्रत्येक पुडीवर या वेळी ती कोणासाठी नाही, ते आधी लिहू. आणि खाली एक ओळ असेल, "केस गळत असतील तर आधी रक्त तपासा." मंडळाच्या कार्यकारिणीला आमची विनंती आहे, उत्सवातल्या आरोग्य तपासणीत यंदा हिमोग्लोबिनची तपासणी घ्यावी. त्या टेबलापाशी नाव लिहायला आम्ही बसू.

 सर्वांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!